पहिले पाऊल कोणाचे?

मराठीत ‘भाऊबंदकी’ असा एक शब्द आहे. भाऊ आणि बंधू, दोन्ही शब्द मायेचे. पण ते असे जोडून आले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो बांधावरचा तंटा, तलाठ्याच्या दाराशी घातलेल्या खेपा, कोर्टाच्या तारखा आणि एकाच अंगणात मधोमध बांधलेली भिंत. परक्या माणसाशी आपण इतक्या चिवटपणे भांडत नाही. ज्याच्या ताटात जेवलो, ज्याचे जुने शर्ट घालून शाळेत गेलो, त्याच्याशीच वर्षानुवर्षे अबोला धरतो.

असे का होते, याचे उत्तर आपल्या संतांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. माणसाचे सहा शत्रू त्याच्या आतच राहतात आणि त्यांत क्रोध आणि लोभ हे दोघे आहेत. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, तोही आतल्या लढाईचाच ग्रंथ. आमच्या घरात दखनी बोलली जाई. तिथे लोभाला ‘हिर्स’ म्हणत आणि रागाला ‘गुस्सा’. हिर्स आधी घरात शिरते आणि मागून गुस्स्याला आत घेते, असे आजी सांगत असे.

आज मला या दोघांविषयीच बोलायचे आहे. ख्रिस्ती परंपरेने लोभ आणि राग यांच्याकडे कसे पाहिले, आणि एकाच श्रद्धेची दोन माणसे भांडली तर काय करावे असे सांगितले, हा आजचा विषय. मी ख्रिस्ती नाही. मराठीत कविता लिहिणारा एक मुसलमान आहे. हजरत ईसा आमच्याकडे पैगंबर म्हणून आदराचे. पण त्यांच्या शिकवणुकीतले प्रसंग मी मन लावून वाचले ते मराठी बायबलमध्ये. तेव्हा जे बोलतो ते एक वाचक म्हणून. रागावू नका, हाव धरू नका, असा उपदेश सगळ्याच धर्मांत सापडतो. इथे मला विशेष वाटली ती त्यामागची पद्धत. कोणी जायचे, कधी जायचे, बरोबर कोणाला न्यायचे, इथपर्यंत ही शिकवण खाली उतरून बोलते.

सुरुवात एका वाटणीच्या भांडणापासूनच करू. लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशू लोकांशी बोलत असताना गर्दीतून एक जण पुढे येतो आणि आपल्या भावाने वारशाचा वाटा द्यावा म्हणून त्याला समज द्या, अशी विनंती करतो. मागणी काही वावगी नव्हती. यहुदी धर्मशास्त्रात वारशाचे नियम होते, थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळत असे, आणि अशा तंट्यात जाणत्या धर्मशिक्षकाकडे जाण्याची रीत होती. येशू मात्र पंच व्हायला नकार देतात. कोण बरोबर आणि कोण चूक, हे ते सांगतच नाहीत. ते सावध करतात ते लोभाविषयी आणि एक गोष्ट सांगतात.

एका श्रीमंत माणसाच्या शेतात पीक इतके येते की ठेवायला जागा पुरत नाही. जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची, सगळे धान्य त्यांत भरायचे आणि मग पुढची अनेक वर्षे खाऊनपिऊन आरामात राहायचे, असा तो बेत करतो. त्याच रात्री त्याला मरण येते. साठवलेले कोणाचे होणार, हा प्रश्न मागे उरतो.

ही गोष्ट वाचताना एक बाब लक्षात येते. या माणसाने चोरी केलेली नाही. मजुरांचे पैसे बुडवले, शेजाऱ्याचा बांध कोरला, असेही कुठे म्हटलेले नाही. पीक जमिनीने दिले आहे. मग त्याचे चुकते कुठे? सगळ्या गोष्टीत तो फक्त स्वतःशी बोलतो. बायको नाही, मुले नाहीत, गडी नाहीत, शेजारी नाही. त्याच्या प्रत्येक वाक्यात ‘मी’ आणि ‘माझे’ एवढेच आहे. मूळ ग्रीक ग्रंथात लोभासाठी ‘प्लेओनेक्सिया’ हा शब्द आला आहे. ‘अधिक असणे’ असा त्याचा सरळ अर्थ. आहे त्याहून आणखी हवे, आणि मग ते दुसऱ्याच्या वाट्यातून आले तरी चालेल, अशी ती वृत्ती. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात तर लोभाला मूर्तिपूजाच म्हटले आहे. ज्याच्यावर माणूस संकटात विसंबतो तो त्याचा देव. तो भरवसा कोठारावर ठेवला की कोठारच देव होते.

चौथ्या शतकात कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बासिल नावाचे मोठे धर्मगुरू होऊन गेले. इ.स. ३६९ च्या सुमारास तिथे भीषण दुष्काळ पडला. या कोठारांच्या गोष्टीवरचे बासिल यांचे प्रवचन प्रसिद्ध आहे. त्यांचे म्हणणे रोखठोक होते. तुमच्या घरात जास्तीची भाकरी पडून असेल तर ती भुकेल्याची आहे. पेटीत ठेवलेला जास्तीचा कपडा उघड्याचा आहे. दान द्या, असे नुसते सांगून ते थांबले नाहीत. ज्याचे आहे त्याला परत करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुढे त्यांनी सीझरिया शहराबाहेर गरिबांसाठी आणि रोग्यांसाठी मोठी वसाहत उभारली.

त्याच शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा एक तपस्वी राहत असे. इ.स. ३९९ मध्ये तो वारला. माणसाच्या मनाला छळणारे आठ विचार त्याने नोंदवून ठेवले, आणि त्यांत लोभ आणि क्रोध दोन्ही आहेत. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्या यादीची फेरमांडणी केली आणि तिच्यातूनच ‘सात घातक पापे’ ही कल्पना रूढ झाली. एवाग्रियसने लोभाचे केलेले वर्णन मला फार खरे वाटते. लोभ माणसाच्या कानात काय सांगतो? म्हातारपण लांब आहे. हातपाय थकतील. दुष्काळ येईल, आजार येतील. दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज सोसावी लागेल. म्हणजे लोभाच्या बुडाशी भीती असते. बांधाची एक फूट जमीन न सोडणारा भाऊ पुष्कळदा दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. हे ध्यानात आले की त्याच्याशी बोलायची आपली भाषा बदलते.

लोभातून भांडण कसे निघते, हे याकोबाच्या पत्रात थोडक्यात सांगितले आहे. तुमच्यातली भांडणे येतात कुठून, असा प्रश्न विचारून, ती तुमच्या आतच लढणाऱ्या वासनांतून येतात, असे उत्तर तो देतो. हवे ते मिळाले नाही की हिर्सेचा गुस्सा होतो. आजीचे म्हणणे तरी दुसरे काय होते?

आता राग. मत्तयच्या शुभवर्तमानात डोंगरावरचे प्रवचन आहे. तिथे येशू खुनाच्या आज्ञेपाशी थांबत नाहीत. भावावर रागावणे, त्याला हलकट शब्दांनी हिणवणे, हेही ते त्याच रांगेत बसवतात. खून हा शेवट असतो, त्याची सुरुवात शब्दात होते, असा याचा अर्थ. पण म्हणून राग मुळातच पाप, असे ही परंपरा म्हणत नाही. खुद्द येशूंच्या रागाचे प्रसंग शुभवर्तमानांत आहेत. वाळलेल्या हाताचा एक माणूस समोर उभा असताना, त्याला शब्बाथाच्या दिवशी बरे करावे की नाही, या प्रश्नावर गप्प बसलेल्या लोकांकडे ते रागाने पाहतात, असे मार्कने लिहिले आहे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातला सल्ला असा की राग आला तरी त्यात पाप घडू देऊ नका आणि सूर्य मावळण्याआधी तो संपवा. राग येणे आपल्या हाती नसेल, पण त्याला मुक्कामाला ठेवायचे की नाही, हे आपल्या हाती आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना रेव्हरंड टिळकांचा राग आठवत असेल. तो भडकून उठे आणि तितक्याच लवकर शांत होई. लक्ष्मीबाईंनी तो हसतहसत लिहिला, कारण तो मुक्कामाला राहणारा नव्हता.

याच प्रवचनात पुढे एक प्रसंग कल्पिला आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तिथे आहे. माणूस वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहे. तेवढ्यात त्याला आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे. मग त्याने काय करावे? अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. ऐकणारे लोक गालील प्रांतातले होते. वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. मधले अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. तिथवर पोहोचलेल्या माणसाला अर्पण तसेच ठेवून घरी जा आणि पुन्हा ये, असे सांगणे ही साधी गोष्ट नव्हे. देव थांबेल, भावाला थांबवू नका, असे ते सांगणे आहे.

इथे उठून जायचे आहे ते कोणी? ज्याच्यामुळे दुसरा दुखावला आहे, त्याने. आता त्याच ग्रंथाचा अठरावा अध्याय उघडा. तिथे उलट बाजू आहे. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर काय करावे? तूच त्याच्याकडे जा आणि दोघे एकटे असताना त्याची चूक त्याला दाखव. म्हणजे इथे दुखावलेल्या माणसाने जायचे आहे.

या दोन अध्यायांना शेजारी शेजारी ठेवले की एक विलक्षण गोष्ट दिसते. चूक माझी असली तर मी जायचे. चूक त्याची असली तरी मीच जायचे. वाट पाहत बसण्याची सोय कोणालाच ठेवलेली नाही. ‘त्याने आधी यावे, मग बघू,’ हे आपले सर्वांचे आवडते वाक्य या शिकवणुकीत बसतच नाही. दोघांनीही ती मानली तर ते वाटेतच एकमेकांना भेटतील. आमच्या परंपरेतही याला जवळची शिकवण आहे. भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो, असे पैगंबरांचे सांगणे हदीसमध्ये आले आहे. दोन परंपरांनी भांडणातला नेमका तोच अवघड क्षण ओळखला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

अठराव्या अध्यायात पुढच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी एकट्याने जाण्याची. चारचौघांत चूक काढली की माणूस चूक सुधारण्याऐवजी अब्रू सांभाळायला लागतो, म्हणून एकांत. तिथे ऐकले तर भाऊ परत मिळाला, असे मानायचे. उद्देश भाऊ मिळवण्याचा आहे, वाद जिंकण्याचा नाही. त्याने ऐकले नाही तर बरोबर एकदोघांना न्यायचे. हे साक्षीदार दोघांचेही ऐकतात, आणि कदाचित आपलीच चूक आपल्याला दाखवून देतात. तेही जमले नाही तर मंडळीपुढे, म्हणजे साऱ्या श्रद्धावंतांच्या सभेपुढे, गोष्ट न्यायची. तरीही तो बधला नाही तर त्याला परक्यासारखा, जकातदारासारखा समजायचे. हा शेवट कठोर वाटतो. पण ज्या मत्तयच्या नावाने हा ग्रंथ ओळखला जातो तो स्वतः जकातदार होता आणि येशू जकातदारांच्या पंक्तीला बसत, हेही त्याच ग्रंथात आहे. दार लोटून घेतले तरी कडी लावलेली नाही.

यावर पेत्र विचारतो, क्षमा किती वेळा करायची, सात वेळा? मिळालेल्या उत्तरातली संख्या इतकी मोठी आहे की मोजणेच सोडून द्यावे. मग येते एका नोकराची गोष्ट. त्याच्यावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज असते. राजा ते माफ करतो. बाहेर पडताच हा नोकर शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. जरा हिशेब करून पाहू. दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे माफ झालेले कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे आणि वसूल करायचे १०० दिवसांच्या मजुरीचे. एकास सहा लाख हे प्रमाण. पण शंभर दिवसांची मजुरी ही गरिबाला थोडी नसते. भावाने आपले केलेले नुकसान खरे असते, हे गोष्ट नाकारत नाही. ते कशाच्या शेजारी ठेवून मोजायचे, एवढेच ती शिकवते.

हे सारे कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात असे कोण करतो, असे आपण म्हणाल. मी एकदा हे घडताना पाहिले आहे. १९९० च्या सुमारास मी बी.ए.ला होतो. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम होते. त्यामुळे अनेक खेड्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आहेत. अशाच एका घरातला मुलगा माझा मित्र. सुटीत मी त्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या वडिलांना मी काका म्हणत असे. काका आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षे बोलणे बंद होते. मोटार कोणी कधी चालू करायची, यावरून कोयते निघण्यापर्यंत पाळी आली होती.

रविवारी सगळे देवळात गेले, मीही मागच्या बाकावर बसलो. त्या दिवशी प्रभुभोजन होते. भाकरीचे ताट काकांपुढे आले आणि त्यांनी न घेता ते पुढे सरकवले. उपासना संपली, घरी जेवणे झाली, आणि उन्हातच काका चपला घालून भावाच्या वस्तीकडे निघाले. मी आणि मित्र मागोमाग गेलो. ओट्यावर थोरले भाऊ सुतळी वळत बसले होते. काका उभ्यानेच म्हणाले, “दादा, पाण्याचं बोलायला आलो नाही. तुझं मन माझ्यावरून दुखलंय, एवढं मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठीच आलोय.” थोरल्यांनी मान वर केली नाही. दहा मिनिटांनी आम्ही परतलो. वाटेत कोणी बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा गेले. या वेळी सोबत पाळकसाहेब आणि गावातले एक वयस्क शेतकरी होते. मी तेव्हा तिथे नव्हतो, मित्राने नंतर सांगितले. थोरल्यांनी दोन वर्षांच्या साऱ्या तक्रारी बोलून दाखवल्या आणि काकांनी मध्ये एक शब्द काढला नाही. मग पाण्याची पाळी तीन तीन दिवसांची ठरली. जमिनीचा दावा मिटला नाही, तो पुढेही चालला. पण तारखेच्या दिवशी दोघे भाऊ एकाच एसटीने कोर्टात जाऊ लागले. समेट म्हणजे वाद संपणे असे आपण समजतो. कधी कधी वाद तसाच राहतो आणि माणसे मात्र एकमेकांना परत मिळतात.

काकांनी ताट पुढे सरकवले, त्यामागे फार जुनी शिस्त आहे. ‘दिदाखे’ नावाची एक अगदी प्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिका आहे. ज्याचे सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत सामुदायिक भोजनात येऊ नये, असे तिच्यात सांगितले आहे. तिसऱ्या शतकात सीरियात रचलेल्या ‘दिदास्कालिया’ या ग्रंथात तर वारही ठरवून दिला आहे. मंडळीतल्या तंट्यांची सुनावणी धर्माध्यक्षांनी सोमवारी करावी. का? निवाडा कोणाला पटला नाही तरी रविवारपर्यंत मन निवायला आठवडा हाताशी राहतो. आजही कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी शेजारच्या माणसाला शांतीचे अभिवादन करतात. १९६९ मध्ये भारतातील उपासनेसाठी जे बदल मंजूर झाले त्यांत हे अभिवादन हात जोडून करण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून आपल्याकडे तो नमस्कार झाला.

ही शिकवण देणारे लोक स्वतः भांडत नव्हते असे मुळीच नाही. बायबलने त्यांची भांडणे झाकलेली नाहीत. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतच तक्रार उठली की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना सबुरी धरा असे सांगितले नाही. वाटपासाठी सात माणसे निवडायला लावली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिले. भांडण कधी मनात असते आणि कधी व्यवस्थेत असते. व्यवस्थेतले भांडण नुसत्या क्षमेने सुटत नाही.

पौल आणि बर्णबा हे जुने सोबती. योहान मार्क या तरुणाला पुढच्या प्रवासात न्यावे की नाही, यावरून त्यांचा इतका तीव्र वाद झाला की दोघे दोन वाटांनी गेले. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला आणि पौल सीरियाकडे. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात हाच मार्क सेवेला उपयोगी म्हणून बोलावलेला दिसतो. काही गाठी सुटायला वर्षे लागतात.

याच पौलाने करिंथच्या मंडळीला खरमरीत शब्दांत लिहिले की भावाभावांचे तंटे तुम्ही परक्यांच्या न्यायालयात का नेता? तुमच्यात एकही शहाणा नाही का? त्यापेक्षा नुकसान सोसलेले काय वाईट? करिंथ ही रोमन वसाहत होती आणि तिथल्या न्यायालयांत पैसेवाल्याचे आणि वजनदाराचे पारडे जड असे. तेव्हा हा सल्ला गरिबाला गप्प बसवण्यासाठी नव्हता, कोर्टाची पायरी सहज चढू शकणाऱ्याला थांबवण्यासाठी होता, असे मला वाटते.

ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण या शिकवणुकीचा दुरुपयोगही झाला आहे. घरातले घरात ठेवा, क्षमा करा, बोभाटा नको, असे म्हणून दुबळ्यांची तोंडे बंद केली गेली. २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या ‘ग्लोब’ या दैनिकाने मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे कसे पाठीशी घातले गेले, हे उघड केले आणि जगभर खळबळ उडाली. मार खाणाऱ्या बाईला, एकटीने जाऊन नवऱ्याची चूक दाखव, असे सांगणे म्हणजे तिला पुन्हा संकटात ढकलणे होय. पायऱ्यांची ही रीत ज्यांना एकमेकांची भीती नाही अशा भावंडांसाठी आहे. गुन्हा झाला असेल तर तिथे कायद्याचेच दार ठोठवावे लागते. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे. त्यातून कोणतेही धर्मस्थळ सुटत नाही. खुद्द पौलानेही जिवावर बेतले तेव्हा आपला रोमन नागरिकाचा हक्क बजावून कैसराकडे दाद मागितली होती. क्षमा करणे आणि न्याय मागणे ही एकमेकांची वैरी नाहीत.

पण आपली बहुतेक भांडणे गुन्ह्याची नसतात. ती विहिरीच्या पाळीची, आईच्या पाटल्यांची, लग्नात न मिळालेल्या मानाची, कोणीतरी फोन न केल्याची असतात. त्यांना न्यायाधीश लागत नाही, चपला घालून निघणारा एक माणूस लागतो. वाळवंटातल्या तपस्व्यांची एक गोष्ट सांगतात. दोन म्हातारे साधू वर्षानुवर्षे एकत्र राहत. एकदा तरी लोकांसारखे भांडून पाहू, असे त्यांनी ठरवले. मध्ये एक वीट ठेवली. एकाने ती आपली म्हणायची आणि दुसऱ्याने आपली म्हणायची, असा बेत. पहिला म्हणाला, वीट माझी. दुसरा म्हणाला, नाही, माझी. त्यावर पहिल्याच्या तोंडून सवयीने निघून गेले, तुझी असेल तर घेऊन जा. भांडण तिथेच संपले. आपल्याला काही इतके जमणार नाही. वीट आपल्याला हवीच असते, आणि कधी कधी ती खरोखर आपलीच असते. पण विटेचा निकाल लागेपर्यंत भावाशी बोलायचे नाही, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

आज रविवार आहे. ‘दिदास्कालिया’च्या हिशेबाने सुनावणीचा वार उद्याचा. कोणाच्या मनात आपल्याविषयी सल आहे, हे आठवायला फार वेळ लागत नाही. नाव लगेच समोर येते. त्याने आधी यावे की आपण, हा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला आहे. पुढचा रविवार उजाडायला पुरता आठवडा आहे. एका खेपेत दार उघडले नाही तर दुसऱ्या खेपेला कोणाला तरी सोबत न्यावे. एवढे सांगून थांबतो.